वाळूच्या टेकड्या आणि मळमळ

प्रश्न : डिसेंबरात मित्रांसोबत दुबईला जातोय. मला कसारा घाटातही गाडी लागते. डेझर्ट सफारी झेपेल का? – एक वाचक, खर्डी

उत्तर : झेपेल, पण पोटाला जपा. दुबईजवळच्या लाहबाब वाळवंटातल्या लाल वाळूत शिरण्यापूर्वी चालक टायरमधली बरीच हवा सोडतो. टायर पसरट झाला की रुतत नाही. मग गाडी टेकडीवरून तिरकी घसरते, तेव्हा घाटातल्या वळणांपेक्षा जास्त ढवळतं. दुपारी हलकं जेवा, पुढची सीट मागून घ्या, नजर क्षितिजावर ठेवा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. कोडीनयुक्त खोकल्याचं औषध मात्र बॅगेत नकोच. दुबईत त्याला पूर्वपरवानगी लागते. मित्रांपैकी कुणाला मणक्याचं दुखणं असेल, तर त्याने टेकड्यांवर जाऊच नये. आणि मित्र कितीही चिडवोत, त्रास वाढला की चालकाला थांबायला सांगा.