एका टेबलावर चौदा ड्रॉइंग

सातारा

चि. सोनूस,


परवा रात्री फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस. चौदा ड्रॉइंग उघडी, कॉम्प्युटर हँग आणि दुपारपासूनचं काम गेलं. मी सांगायला लागलो की तू 'हो मामा, हो मामा' करतेस, म्हणून हे पत्र.

आधी गेलेल्या कामाचं बघू. कुणी सेटिंग बदललं नसेल तर ऑटोकॅड दर 10 मिनिटांनी आपणहून एक प्रत टेम्प फोल्डरमध्ये ठेवतं. त्या फाइलच्या शेपटीला 'एसव्ही' आणि डॉलरचं चिन्ह असतं. मूळ फाइलशेजारी 'बीएके'वाली फाइल दिसेल, ती शेवटच्या सेव्हच्या आधीची. दोन्हींची कॉपी काढ, कॉपीचं एक्स्टेन्शन 'डीडब्ल्यूजी' कर आणि उघडून बघ. काही ना काही हाती लागेल.

आता चौदांचं. आमच्या ड्रॉइंग बोर्डावर एका वेळी एकच शीट बसायचं. कॉम्प्युटर आल्यावरही रिलीज 14 पर्यंत तेच होतं, दुसरं ड्रॉइंग उघडायचं तर हातातलं बंद करायचं. 1999 साली ऑटोकॅड 2000 आलं आणि एकाच वेळी हवी तेवढी ड्रॉइंग उघडता येऊ लागली. आम्ही हरखून गेलो. त्या हरखण्यातच माझ्या हातून घडलं ते तुला कधी सांगितलं नाही.

एका पंपाचं केसिंग होतं. रिव्हिजन 2 आणि रिव्हिजन 3, दोन्ही शेजारी शेजारी उघडी. जुनं नुसतं बघायला. मधेच साहेबांनी हाक मारली म्हणून उठलो. परत येऊन बसलो आणि बोअर 86 चा 84 केला, तो जुन्या ड्रॉइंगमध्ये. नवीन तसंच 86 लिहिलेलं शॉपवर गेलं. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा मशीनवर चढवता आला असता. मोठा झालेला बोअर लहान कसा करणार? नऊ नग भंगारात. साहेब ओरडले नाहीत, फक्त त्यातलं एक केसिंग महिनाभर माझ्या टेबलावर ठेवून दिलं.

म्हणून, जे नुसतं बघायचंय ते 'ओपन रीड-ओन्ली'नेच उघड. त्याच्या टॅबवर कुलूप दिसतं. ज्या टॅबवर तारा दिसतो, त्यात सेव्ह न केलेला बदल आहे. चहाला उठण्याआधी एकही तारा शिल्लक ठेवू नकोस. आणि 'ड्रॉइंग 1', 'ड्रॉइंग 2' अशी बिनबारशाची पोरं पदरी बाळगू नकोस. पहिली रेघ मारायच्या आधी नाव दे.

एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात कॉपी करतेस तिथे एक छुपी खोड आहे. दोन्हीकडे एकाच नावाचा ब्लॉक असेल तर जिथे चिकटवतेस तिथलाच ब्लॉक टिकतो, तू आणलेला नाही. नवीन टायटल ब्लॉक कॉपी केलास आणि जुनाच उमटला, तर डोळ्यांना दोष देऊ नकोस, आधी नाव बदल. पार्टीचं ड्रॉइंग इंचात असेल तर चिकटवल्यावर एक तरी ओळखीचं माप मोज, नाहीतर 25.4 पटीचा घोळ होतो. भोकं मूळ जागीच बसायला हवी असतील तर 'पेस्ट टू ओरिजिनल कोऑर्डिनेट्स' वापर. अन्डू मात्र ज्याचं त्याचं वेगळं. एकीकडून कट करून दुसरीकडे पेस्ट केलंस आणि तिथे अन्डू मारलंस, तर पहिल्या ड्रॉइंगमध्ये काहीही परत येत नाही.

तू म्हणालीस, 'मी रंगांवरून ओळखते मामा, कुठलं ड्रॉइंग आहे ते.' तुझ्याच सांगली जिल्ह्यात 1910 साली किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सुटली, पण मेकॅनिकल ड्रॉइंग त्यांनी सोडलं नाही. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवलं. रंग काय, एका लेअरच्या सेटिंगने बदलतो. हात लावायच्या आधी ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन वाच, मनात नाही, ओठ हलवून. कुपवाडच्या ऑफिसात पोरं हसली तर हसू देत.

चौदांपैकी खरी लागत होती किती, ते मोजून कळव. माझा अंदाज तीन.

बीएकेमधून काय मिळालं तेही सांग. ते केसिंग मी रिटायर होताना भंगाराच्या भावाने विकत घेतलं. मामीने त्यात कोरफड लावली आहे.

तुझा,
मामा