बुळकांडी हटली, रानम्हशी वाढल्या

आफ्रिका खंडाचे नाव निघताच सिंह, हत्ती व जिराफ डोळ्यांसमोर उभे राहतात. तेथील रानम्हशीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः वन्य प्राण्यांचे भवितव्य गावच्या गोठ्याशी किती निगडित असते, याचा उत्तम पाठ या प्राण्याच्या इतिहासात आहे.

निवासस्थान

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस विरळ झाडीचे विस्तीर्ण गवताळ प्रदेश आहेत. त्यांना सॅव्हाना असे म्हणतात. गवत, पाणी आणि सावली या तिन्ही गोष्टी जेथे जवळजवळ असतील, तेथेच रानम्हैस नांदते. तिला रोज पाणी लागते. म्हणून उन्हाळ्यात कळप नदीकाठ धरून राहतात. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ५०० ते ९०० किलोग्रॅम भरते. त्याची शिंगे कपाळावर एकत्र येऊन ढालीसारखी बनतात. माद्या व वासरे शेकडोंच्या कळपात राहतात, तर म्हातारे नर वेगळे होऊन चिखलात लोळत दिवस काढतात. उंच, जाडेभरडे गवत या म्हशी खातात. त्यामुळे आखूड गवतावर चरणाऱ्या हरणांची सोय होते.

रोगाचे थैमान

१८८० नंतरच्या दशकात पाळीव जनावरांबरोबर बुळकांडीचा रोग ईशान्य आफ्रिकेत शिरला. १८९० च्या सुमारास तो पूर्व आफ्रिकेत पोहोचला व १८९६-९७ मध्ये दक्षिण टोकापर्यंत गेला. गाईबैल मेले, तसे रानम्हशींचे कळपही नष्ट झाले. मसाई पशुपालकांवर भीषण दुष्काळ कोसळला. पुढे टांझानियातील सेरेंगेटीच्या रानात हा रोग अनेक दशके ठाण मांडून राहिला. त्यात कोवळी जनावरे बळी पडत आणि कळप वाढत नसत.

लसीचा प्रभाव

रानातील हजारो म्हशींना लस टोचणे शक्य नव्हते. तथापि, १९५० नंतर सेरेंगेटीभोवतालच्या गाईगुरांना लस देण्यात आली आणि १९६३ च्या सुमारास रानातील रोगही आपोआप ओसरला. रोगाचे मूळ ठाणे पाळीव जनावरांत होते, हे यावरून सिद्ध झाले. १९६० नंतरच्या १५ वर्षांत तेथील रानम्हशींची संख्या कित्येक पटींनी वाढली. केनियात काम करणारे पशुवैद्यक वॉल्टर प्लोराइट यांनी तयार केलेल्या लसीने पुढे जगभर या रोगाचा पाठलाग केला. २०११ मध्ये बुळकांडीचे पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग होय.

आपल्यासाठी बोध

बुळकांडीने आपल्याकडील शेतकऱ्यांचेही गोठे रिकामे केले होते. भारतात १९५४ पासून देशव्यापी लसीकरण हाती घेण्यात आले व येथूनही तो रोग हद्दपार झाला. आपली रानम्हैस आफ्रिकेतील रानम्हशीहून निराळी असून ती आज अत्यंत दुर्मिळ झाली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील कोलामार्का येथे २०१३ मध्ये तिच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करण्यात आले. अशा रानालगतच्या गावांत पाळीव म्हशी व गाईबैल चरतात. त्यांना वेळच्या वेळी लस टोचून घेणारा पशुपालक आपले पशुधन तर वाचवतोच. शिवाय ज्या रानम्हशीला लस टोचणे कोणालाच शक्य नाही, तिचेही तो रक्षण करतो.