‘आपण एक कुटुंब’, पण पगाराचं काय?

प्रश्न : भोसरीतल्या एका कारखान्यात आठ वर्षं सीएनसी ऑपरेटर आहे. हातात साडेसोळा हजार पडतात. ओव्हरटाइम साध्याच दराने. साहेब शॉपमध्ये फिरकत नाहीत; दिवाळीला मात्र ‘आपण एक कुटुंब’ म्हणत सोनपापडी वाटतात. काय करू?

उत्तर : सोनपापडी खा, पण आधी पगाराची स्लिप काढा. मूळ वेतन आणि विशेष भत्ता वेगळे दाखवलेत का? महाराष्ट्रात हा भत्ता महागाईनुसार दर 6 महिन्यांनी बदलतो; छोट्या कारखान्यांत तो बऱ्याचदा जुन्याच आकड्यावर अडकलेला असतो. हुद्दाही तपासा. ऑपरेटरला हेल्परच्या रकान्यात बसवण्याची खोड जुनीच! तुम्ही ‘कुशल’मध्ये असायला हवेत.

ओव्हरटाइमबद्दल तर वादच नाही, तो दुप्पट दरानेच द्यावा लागतो. शिफ्ट सुटली की तास वहीत टिपा, पंचिंगचा फोटो ठेवा.

केबिनमध्ये एकट्याने जाऊ नका. चार-पाच जणांच्या सह्यांचा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पंधरा दिवसांत नुसतंच ‘बघू’ आलं, तर तीच प्रत घेऊन सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय गाठा.