दुखते अंग, दुखणे मनाचे

"डॉक्टरसाहेब, अंगात काही राह्यलंच नाही. एक ताकदीचं सलाईन लावा."

पन्नाशीच्या एक मावशी. डोके जड, हातापायांना मुंग्या, छातीत धडधड, अन्नावर वासना नाही. रक्त, साखर, थायरॉईड तपासले, सारे ठीक. आधी मीही दोनदा सलाईन लावले होते. तिसऱ्या खेपेला विचारले, "मावशी, झोप लागते का?"

"पहाटे तीनलाच डोळा उघडतो. मग नुसते विचार."

बोलता बोलता पदर डोळ्यांना लागला. मुलगा-सून ऊसतोडीला गेल्यापासून घर खायला उठत होते. विहिरीवर उभे असताना मनात नको ते येऊन गेले होते. पण 'उदास वाटते' असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

या आजाराला नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात. पुस्तकात त्याचे पहिले लक्षण उदासपणा. आपल्याकडे मात्र रुग्ण आधी अंगाचे दुखणे सांगतो. हे ढोंग नव्हे. झोप, भूक आणि वेदना यांचा कारभार मेंदूकडेच असतो, त्यामुळे मन आजारी पडले की अंग खरोखरच दुखते.

इतरत्रही असेच दिसते. १९८० साली चीनच्या हुनान प्रांतात डॉ. आर्थर क्लाइनमन यांनी 'नसांचा अशक्तपणा' असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. त्यांतील ८७ जणांना नैराश्य होते. तक्रार मात्र डोकेदुखी, चक्कर, निद्रानाश अशीच. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांना अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या अनेक स्त्रियांमध्ये मनाचा ताण आढळला. पुरुषांमध्ये हाच आजार कधी चिडचिडीच्या, कधी दारूच्या आड लपतो.

म्हणून तपासण्या ठीक असूनही दुखणे हटत नसेल, तर स्वतःला किंवा घरच्या माणसाला दोन प्रश्न विचारा :

१. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न असते का?

२. पूर्वी आवडणाऱ्या कामात आता जीव रमत नाही का?

एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा. सलाईनने हा आजार बरा होत नाही. धीराचे बोलणे, समुपदेशन आणि गरजेप्रमाणे गोळ्या, हे त्याचे उपचार. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले तरी त्या सहाएक महिने घ्याव्या लागतात. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण मनाने एकदम बंद करू नयेत.

'जगून काय करायचे' असे कोणी म्हणाले, तर थट्टेवारी नेऊ नका. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट ओझे हलके होते. त्या माणसाला एकटे सोडू नका; कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे व मराठीतही बोलता येते. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय येथेही दाखवता येईल.

मावशी आता बऱ्या आहेत. परवा आल्या त्या गुडघ्यासाठी. मी गुडघा तपासला, आणि झोपेचेही विचारले.