कोरडा खोकला आणि चघळण्याची गोळी

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आपल्या शहराच्या शैक्षणिक इतिहासातील या घटनेचा उल्लेख आम्ही वर्गात नेहमी करतो. परंतु वसतिगृह म्हणजे केवळ निवारा, जेवण आणि पुस्तके नव्हेत. आईबापांपासून दूर राहणाऱ्या लेकराच्या दुखण्याखुपण्याची जबाबदारीही त्यात येते. म्हणून सुवर्णक्षणांच्या आठवणींनी भरलेल्या या स्मरणिकेत एका साध्या विषयावर लिहिण्याचे आम्ही ठरविले: रात्री निवासी दालनात ऐकू येणारा कोरडा खोकला, आणि त्यावर मुले एकमेकांना चॉकलेटसारखी वाटतात ती चघळण्याची गोळी.

सोलापूरकरांस खोकला नवा नाही. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली; लोक तिला जुनी मिल म्हणत. गिरण्यांत कापसाचे तंतू कामगारांच्या छातीत जात. या धुळीने होणाऱ्या विकारास बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी, की सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात या रोगाचे नाव आहे. हा कायदा १९४८ चा असला, तरी त्याची पूर्वतयारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना झाली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत, पण यंत्रमाग आहेत आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या माताभगिनी आहेत. तंबाखूची भुकटी त्यांच्याबरोबर त्यांच्या लेकरांच्याही श्वासात जाते. सुट्टीहून परतलेल्या मुलाचा खोकला ऐकताना हे विसरून चालत नाही.

खोकला हा मुळात शरीराचा पहारेकरी आहे. श्वासनलिकेत धूळ, कफ वा अन्नाचा कण आला, की मेंदूतील केंद्र त्यास बाहेर फेकण्याची आज्ञा देते. कफ पडत असेल तर तो खोकला दाबणे म्हणजे घरातील कचरा आतच कोंडून ठेवणे होय. कोरड्या खोकल्यात मात्र बाहेर टाकण्यासारखे काही नसते. सर्दीपडशानंतर घसा हुळहुळा राहतो, झोप मोडते, शेजारच्या दहा जणांचीही मोडते. खोकला दाबणाऱ्या गोळीचे स्थान एवढेच, आणि तेही थोड्या दिवसांपुरते.

दुकानात मिळणाऱ्या सर्व गोळ्या सारख्या नसतात. काहींत पुदिन्याच्या अर्काचा थंडावा देणारे मेन्थॉल असते, काहींत घशासाठी जंतुनाशक द्रव्य, तर काहींत डेक्स्ट्रोमेथॉर्फन नावाचे औषध. पहिल्या दोन प्रकारांनी घशास आराम वाटतो. तिसरे औषध थेट मेंदूतील खोकल्याच्या केंद्रावर काम करते आणि त्याचा परिणाम पाच-सहा तास टिकतो. तिन्हींचे वेष्टन रंगीत आणि चव गोड असल्यामुळे मुलांना भेद कळत नाही. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचणे हाच त्यावरील उपाय. आम्ही तर म्हणू, की इयत्ता आठवीच्या पुढील प्रत्येक मुलास ते वाचता आलेच पाहिजे. शिक्षणाचा उपयोग आणखी कोणता?

डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या गोळीत बहुधा ५ किंवा १० मिलिग्रॅम औषध असते. प्रौढ माणसाने चोवीस तासांत सर्व मिळून १२० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा ६० आहे, आणि त्यांना ती डॉक्टरांच्या सांगण्यावाचून देऊच नये. सहा वर्षांखालील बालकांस अशी गोळी मुळीच नको. दोन गोळ्यांमध्ये निदान चार तास जावेत. येथे एक फसगत नेहमी होते. घरून आणलेल्या खोकल्याच्या पातळ औषधातही हेच द्रव्य असू शकते. मग गोळी आणि औषध मिळून मात्रा दुप्पट होते. गुंगी, चक्कर, मळमळ ही त्याची पहिली लक्षणे. गोळी बसून, हळूहळू विरघळू द्यावी. चावू नये, गिळू नये, आणि तोंडात ठेवून आडवे तर कधीच होऊ नये, कारण झोपेत ती श्वासनलिकेत अडकू शकते.

मोठ्यांसाठीही दोन शब्द. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल घेणाऱ्यांपैकी काहींना त्या औषधामुळेच कोरडा खोकला लागतो. तेथे गोळ्या चघळून उपयोग नाही, डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावे. नैराश्यावरील काही औषधे आणि औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिले जाणारे लिनेझोलिड यांच्यासोबत डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेणे धोक्याचे आहे. मधुमेहींनी गोळीतील साखर मोजावी.

पातळ औषधाबद्दल भीती बाळगणाऱ्या पालकांना आम्ही दोष देत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तेच विष, डायएथिलीन ग्लायकोल, २०२५ साली मध्यप्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून वीसहून अधिक बालकांच्या जिवावर उठले. इतिहासाच्या अभ्यासकास या दोन घटनांमधील जवळपास चाळीस वर्षे फार अस्वस्थ करतात.

विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्ज, म्हणजे औषधांवर स्वतंत्र खंधक आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे भगवंतांनी आजारी भिक्खूंना अनुज्ञेय केली. मात्र ती सात दिवसांहून अधिक साठवू नयेत असा विनयाचा दंडक आहे. औषध हे औषध म्हणूनच घ्यावे, चवीसाठी साठवू नये, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. एक चमचा मध आजही एक वर्षावरील मुलांच्या कोरड्या खोकल्यावर चांगला. बारा महिन्यांखालील बाळास तो देऊ नये. कोमट पाणी आणि मिठाच्या गुळण्या तर बिनखर्चाच्या. पंचशीलातील पाचव्या शीलाचाही येथे संबंध येतो, कारण डेक्स्ट्रोमेथॉर्फन अतिमात्रेत घेऊन नशा करणारी तरुण मुले आज देशोदेशी आढळतात. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांशी हे स्पष्ट बोलावे. लपवून ठेवल्याने कुतूहल वाढते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दिवसांचा. गोळीने सात दिवसांत गुण आला नाही, तर ती थांबवून डॉक्टरांना दाखवावे. खोकला दोन आठवडे टिकला, वजन घटले, सायंकाळी ताप आला, थुंकीत रक्त दिसले, तर क्षयरोगाची तपासणी करावी. ती शासकीय केंद्रात मोफत होते, औषधेही मोफत मिळतात, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. घरात कोणास क्षय असेल तर मुलाने ते सांगावे. त्यास वेगळे जेवायला बसविणे किंवा हिणविणे आपल्या संस्थेत होता कामा नये. शिवाशिवीचा दाह ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सोसला, त्यांना हे अधिक सांगण्याची गरज नसावी. धाप लागणे, छातीत शिट्टीसारखा आवाज येणे किंवा खोकताना ओकारी होणे ही लक्षणे दिसली, तर गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

व्यवहारात एवढे करता येईल: मुलांच्या पेटीतील सर्व गोळ्या अधीक्षकांच्या औषधपेटीत जमा व्हाव्यात. नोंदवहीत मुलाचे नाव, खोकला कधी सुरू झाला तो दिनांक, दिलेली गोळी आणि वेळ लिहावी, आणि गोळीचे वेष्टन टाकून न देता त्या पानास टाचून ठेवावे, म्हणजे डॉक्टरांकडे जाताना ते पानच सोबत नेता येईल.