चारही चाकांना ताकदीची वाटणी कशी होते?

राजापूर परिसरातील आपल्या व्यापारी बांधवांत जुनी फोर-बाय-फोर गाडी घेण्याकडे ओढा आहे. कोणी कपड्याचे गठ्ठे घेऊन पाचल-ओणीच्या बाजूने वाडीवस्तीवर माल पोहोचवतो, कोणाचे आंब्याचे कलम कातळावर आहे, कोणाची जांभ्याची खाण आहे. पावसाळ्यात तांबड्या मातीच्या रस्त्यावर साधी गाडी रुतते, म्हणून जुनी जिप्सी, महिंद्राची जीप किंवा अलीकडच्या काळातील डस्टर पाहिली जाते. विकणारा सांगतो, "चारही चाके ओढतात, गाडी कुठेही अडणार नाही." घेणारा पैसे मोजतो. परंतु इंजिनाची ताकद चार चाकांत कशी वाटली जाते, हे माहीत नसेल तर तीच गाडी गॅरेजच्या बिलाने माणसाला जेरीस आणते. म्हणून हा विषय सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी थोडा इतिहास

आपल्या देशात चार चाकांवर चालणारी गाडी लोकांच्या ओळखीची झाली ती जीपमुळे. ती बनवणारी मुंबईची कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' असे होते. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री व १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. पुढे डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. तिचे इंजिन अवघे ९७० सीसीचे होते. १९९६ मध्ये तेराशे सीसीची जिप्सी किंग निघाली. आज सर्वसामान्य ग्राहकाला नवी जिप्सी मिळत नाही, पण जुन्या बाजारात तिला अजून मागणी आहे.

वळणावर चाके सारखी फिरत नाहीत

सगळा प्रश्न वळणातून निर्माण होतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. हे सर्वांना माहीत असते. परंतु पुढची चाकेसुद्धा मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

हिशेब करून पाहू. जिप्सीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारे २.४ मीटर आहे. अणुस्कुरा घाटात एखादे पूर्ण उलटे वळण घेताना मागच्या अॅक्सलचा मध्य ८ मीटर त्रिज्येने फिरला असे धरा. त्या एका वळणात मागचा अॅक्सल सुमारे २५.१ मीटर जातो आणि पुढचा सुमारे २६.२ मीटर. म्हणजे एकाच वळणात एक मीटरहून अधिक, जवळजवळ साडेतीन फुटांचा फरक पडला. हा फरक कुठेतरी सामावला पाहिजे. तो कुठे सामावतो, यावरून गाड्यांचे प्रकार ठरतात.

डिफरन्शियल म्हणजे सारख्या दांडीचा काटा

डाव्या-उजव्या चाकांतला फरक सामावण्यासाठी अॅक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण फिरवण्याचा जोर, ज्याला मेकॅनिक टॉर्क म्हणतात, तो दोघांना सारखाच देते. आपल्या दुकानातील सारख्या दांडीचा काटा डोळ्यांपुढे आणा. एका पारड्यात दहा किलो असेल तर दुसऱ्या पारड्यात दहाच किलो तोलता येईल.

आता एक चाक चिखलात आहे. तेथे पकड इतकी कमी की दहा किलोपेक्षा जास्त जोर लावला की ते जागच्या जागी गरगर फिरते. दुसरे चाक घट्ट जमिनीवर असून शंभर किलोचा जोर पेलू शकते. पण काट्याचा नियम असा की त्यालाही दहाच मिळणार. एकूण झाले वीस. इंजिनात ताकद भरपूर आहे, मात्र ती चाकापर्यंत पोहोचत नाही.

पहिला प्रकार: जीप आणि जिप्सी

या गाड्या एरवी मागच्या दोन चाकांवर चालतात. गिअरबॉक्सनंतर ट्रान्सफर केस नावाची पेटी असते. तिचा दांडा फोर-व्हीलवर टाकला की पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना कायमचे बांधल्यासारखे जोडले जातात. मध्ये काटा नाही. दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरणार.

येथे एक मोठा गैरसमज आहे. पुष्कळजण म्हणतात की अशा गाडीत पुढे पन्नास टक्के आणि मागे पन्नास टक्के ताकद जाते. ते खरे नाही. बांधलेल्या शाफ्टमध्ये गती सारखी असते, जोर सारखा नसतो. ज्या अॅक्सलखाली पकड आहे तो जोर घेतो. पुढची दोन्ही चाके निसरड्यावर असून वीस किलो पेलत असतील आणि मागची घट्ट जमिनीवर दोनशे पेलत असतील, तर एकूण दोनशे वीस मिळतात. हाच या जुन्या पद्धतीचा खरा गुण होय. मात्र प्रत्येक अॅक्सलवर काटा तसाच असल्यामुळे पुढचे एक व मागचे एक चाक एकाच वेळी अधांतरी झाले तर फोर-व्हील लावूनही गाडी अडते. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत दोन्ही अॅक्सलचे डिफरन्शियल लॉक करण्याची सोय दिली जाते ती यासाठीच.

आता दोष पाहू. वळणातला तो साडेतीन फुटांचा फरक बांधलेल्या शाफ्टमध्ये कुठे जाणार? चिखलात चाक थोडे घसरते आणि हिशेब मिटतो. परंतु कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही. मग शाफ्टला पीळ बसत जातो. सुताला पीळ देत गेल्यावर ते आधी ताठ होते, मग गाठी पडतात, शेवटी तुटते. लोखंडाचेही तसेच आहे. स्टिअरिंग जड होते, गाडी वळणावर उड्या मारते, दांडा टू-व्हीलवर परत येत नाही. जोर लावून दांडा ओढू नये. गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घ्यावी, म्हणजे पीळ सुटतो. कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील लावून घाट चढणे म्हणजे ट्रान्सफर केस आणि शाफ्टच्या जोडांचे आयुष्य कमी करणे होय.

दांड्यावरील 'फोर-लो'मुळे इंजिनाची ताकद वाढत नाही. गती कमी होऊन तिच्या बदल्यात जोर वाढतो, इतकेच.

दुसरा प्रकार: मधला काटा

वळणातला फरक सामावण्यासाठी पुढच्या व मागच्या शाफ्टमध्येही डिफरन्शियल बसवले तर गाडी कायम चार चाकांवर चालू शकते. रशियाच्या लाडा निवा या छोट्या गाडीत १९७७ पासून आणि जर्मनीच्या ऑडी क्वाट्रोत १९८० पासून अशी रचना होती. डांबरावर ती उत्तम. पण काट्याचा नियम येथेही लागू होतो: चारपैकी एक चाक घसरले तरी सगळ्यांचा जोर पडतो. म्हणून मधला काटा बांधून टाकण्याची, म्हणजे लॉक करण्याची सोय ठेवावी लागते.

काही गाड्यांत हा मधला काटा असमान दांडीचा करण्यात आला. १९८५ च्या फोर्ड सिएरा एक्सआर-फोर-बाय-फोरमध्ये पुढे ३४ व मागे ६६ असा हिस्सा होता. बीएमडब्ल्यूच्या त्याच काळातील छोट्या गाडीत ३७ व ६३. गिअरच्या दात्यांची संख्या बदलून हा हिस्सा ठरवला जातो. या प्रकारातच टक्केवारीला खरा अर्थ असतो.

तिसरा प्रकार: घसरल्यावर जोडणारी जोडणी

छोट्या गाड्यांत जागा कमी आणि किंमतही आटोक्यात ठेवायची असते. इटलीच्या फियाट पांडा फोर-बाय-फोरने १९८३ मध्ये जीपसारखीच हाताने जोडण्याची पद्धत ठेवली, फक्त एरवी पुढची चाके ओढत. १९८६ च्या फोक्सवॅगन गोल्फ सिंक्रोमध्ये मात्र व्हिस्कस कपलिंग आले. एका बंद डब्यात पातळ चकत्या असतात. एक चकती पुढच्या शाफ्टची, पुढली चकती मागच्या शाफ्टची, अशा एकाआड एक. मध्ये घट्ट सिलिकॉन द्रव. दोन्ही शाफ्ट जवळजवळ सारखे फिरत असले तर काही होत नाही. पुढची चाके घसरून जोरात फिरू लागली की द्रव घुसळला जातो, तापतो आणि मागच्या चकत्यांना ओढू लागतो.

२०१४ मध्ये आपल्याकडे आलेल्या रेनॉ डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये हेच काम विजेवर दाबला जाणारा क्लच करतो. २०२३ च्या मारुती जिम्नीत पुन्हा जिप्सीसारखी बांधलेल्या शाफ्टची पद्धत आहे, मात्र गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक आपोआप लागतो. रिकाम्या पारड्यात वजन टाकल्यासारखे ते आहे. त्यामुळे दुसऱ्या चाकाला जोर मिळतो.

टायर आणि मापाची फीत

कपलिंगवाल्या गाडीत चारही टायर सारखे असणे फार महत्त्वाचे. समजा दोन टायर नवे आणि दोन झिजलेले, झीज फक्त ५ मिलिमीटर. तेवढ्याने टायरचा घेर सव्वा इंचाने कमी होतो. २.२ मीटर घेराच्या टायरला दर किलोमीटरला सुमारे साडेसहा फेरे जास्त पडतात, शंभर किलोमीटरला साडेसहाशे. इचलकरंजीहून माल आणताना तो डबा वाटभर विनाकारण घुसळत राहणार. अखेर द्रव निकामी होतो. मग कपलिंग एक तर घट्ट जाम होते किंवा ओढणेच सोडते.

जुनी गाडी घेताना

१. आपली मापाची फीत खिशात न्यावी आणि चारही टायरचा घेर मोजावा. मोठा फरक असेल तर त्या मालकाने गाडी कशी वापरली ते कळते.

२. जीप किंवा जिप्सी असेल तर मोकळ्या मातीत फोर-हाय व फोर-लो लावून चालवून पाहावी आणि दांडा सहज परत येतो का ते पाहावे. पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब असतील तर ते आधी लॉक करावेत, नाहीतर पुढची चाके ओढणारच नाहीत.

३. व्हिस्कस कपलिंगची गाडी असेल तर कोरड्या पक्क्या जागेवर अगदी हळू, पूर्ण स्टिअरिंग वळवून फिरवावी. गाडी अडखळली तर कपलिंग जाम असण्याची शंका घ्यावी.

४. कायम चार चाकांवर चालणारी किंवा कपलिंगची गाडी बंद पडली तर दोन चाके उचलून ओढत नेऊ नये. चारही चाके उचलणारी गाडी मागवावी.

५. ज्या कारागिराला ट्रान्सफर केस उघडून बसवता येते, त्याला सोबत न्यावे. त्याची मजुरी द्यावी, ती वाया जात नाही.

गरज कोणाला?

ज्याचा माल महामार्गावरून आणि डांबरी रस्त्यानेच जातो, त्याला फोर-बाय-फोरचे वाढीव वजन, वाढीव डिझेल किंवा पेट्रोल आणि वाढीव देखभाल हा निव्वळ तोटा आहे. ज्याला सड्यावर, बागेत, खाणीत रोज जावे लागते, त्याला जिप्सीसारखी साधी, दांड्याची गाडी परवडते, कारण तिची दुरुस्ती गावात होऊ शकते.

आणखी एक गोष्ट तरुण ड्रायव्हरांना बजावून सांगावी. चारही चाके ओढतात याचा अर्थ गाडी लवकर थांबते असा नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. ओल्या घाटात उतरताना फोर-बाय-फोर गाडीही साध्या गाडीइतकीच घसरते. आणि अर्जुना-कोदवलीचे पाणी जवाहर चौकात चढले असता त्यातून गाडी घालणाऱ्याला हा दांडा काही उपयोगी पडत नाही. वाहत्या पाण्याने गाडी उचलली की चाकांखाली पकडच उरत नाही, आणि पकड नसेल तर वाटायला काहीच शिल्लक राहत नाही.