अर्कात उरलेला विद्रावक

वनस्पतीत दडलेले तेल किंवा राळ बाहेर काढण्याचा जुना मार्ग म्हणजे पिळणे. घाण्याचे काम हेच. परंतु घाण्यातून निघालेल्या पेंडीतही काही तेल मागे राहते. ते मिळविण्यासाठी पेंड एखाद्या पातळ द्रवाने धुतात. तेल त्या द्रवात विरघळते, आणि मग द्रव उडवून लावला की तेल शिल्लक राहते. अशा द्रवास विद्रावक म्हणतात. विद्रावक घालणे सोपे असते. तो पुरता काढून टाकणे मात्र कठीण असते. हे असे का, याचा विचार आपण येथे करू.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याचे उदाहरण घेऊ. तेथील मतदारांनी २०१२ साली प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला आणि २०१४ पासून त्याची दुकाने उघडली. गांजाच्या झाडातील राळ ब्युटेन या विद्रावकाने काढून तिचा दाट अर्क करण्याचा उद्योग काही लोक आपल्या घरीच करू लागले. त्यातून आगी लागल्या, स्फोट झाले, माणसे भाजली. अखेर २०१५ साली तेथील विधिमंडळाने असे धोकादायक विद्रावक वापरून परवान्यावाचून अर्क काढण्यास कायद्याने बंदी केली.

ब्युटेनचा उकळबिंदू उणे ०.५ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे सामान्य हवेत तो आपोआप उकळून उडून जातो. मग तो अर्कात उरावा तरी कसा? याचे उत्तर कुंभाराच्या अंगणात सापडेल. कच्चे मडके वरून वाळलेले दिसते, पण जाड बुडात ओल असतेच; तसेच ते भट्टीत घातले तर तडकते. राळेचेही तसेच आहे. पृष्ठभागावरील विद्रावक प्रथम उडतो आणि तेथे घट्ट साय धरते. आतील रेणूंना दाट राळेतून वाट काढीत वर यावे लागते. या हळू प्रवासास विसरण म्हणतात. थराची जाडी दुप्पट झाली की विसरणास लागणारा वेळ सुमारे चौपट होतो. शिवाय ब्युटेन आणि राळ यांचा स्नेह असतो. ब्युटेनचे प्रमाण जसजसे घटते तसतसा त्याचा बाष्पदाबही घटतो. म्हणून पहिला मोठा भाग झटकन जातो आणि शेवटचा अल्पांश चिवटपणे राहतो.

हा अल्पांश काढण्यासाठी उष्णता किंवा निर्वात यांचा उपयोग करतात. उष्णतेने राळ पातळ होते, निर्वातात विद्रावक कमी तापमानास उकळतो. परंतु हाकललेला विद्रावक नाहीसा होत नाही. तो फक्त जागा बदलतो. अर्कातून निघतो तो खोलीत येतो. एक लिटर द्रव ब्युटेनपासून सुमारे २४० लिटर वायू होतो. हवेत ब्युटेनचे प्रमाण १.८ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. या हिशेबाने एवढा वायू सुमारे १३ घनमीटर हवा, म्हणजे एक लहानशी खोली, स्फोटक करू शकतो. त्यातून हा वायू हवेच्या दुपटीने जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. तेथे शेगडीची ज्योत, विजेचे बटण किंवा शीतकपाटाची मोटर त्याची वाट पाहत असते.

दुसरा प्रश्न असा की, विद्रावक गेला हे ओळखावे कसे? वास येत नाही, बुडबुडे दिसत नाहीत, अर्क काचेसारखा स्वच्छ आहे, यांपैकी काहीही पुरावा नव्हे. आपले नाक दहा लाख भागांतील काही थोडे भाग मोजू शकत नाही. त्यातच विद्रावक अशुद्ध असेल, तर त्यातील न उडणारे तेलकट अंश कितीही निर्वात केले तरी अर्कातच राहतात. प्रयोगशाळेत अर्काचा नमुना बंद कुपीत तापवितात आणि वर साठलेली बाष्पे लांब, बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक पदार्थ नळीच्या दुसऱ्या टोकाशी आपापल्या वेळी पोहोचतो व त्याचे प्रमाण मोजले जाते. हे वायु-वर्णलेखन होय.

आपल्या देशात गांजाच्या झाडापासून काढलेली राळ आणि तिचा दाट अर्क यांना १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने मनाई आहे. पण हेच शास्त्र आपल्या स्वयंपाकघरातील तेलाच्या डब्यापर्यंत पोहोचले आहे. सोयाबीनचे व भाताच्या कोंड्याचे तेल कारखान्यात हेक्झेन या विद्रावकाने काढतात. त्याचा उकळबिंदू सुमारे ६९ अंश आहे. तेथे तेलातून व पेंडीतून वाफ सोडून हेक्झेन पळवितात. पण तो खोलीत न सोडता बंद नळ्यांतून नेऊन थंड करतात. हेक्झेन पाण्यात मिसळत नाही व पाण्याहून हलका असतो, म्हणून तो वर तरंगतो आणि पुन्हा वापरता येतो. हेक्झेनची वाफ दीर्घकाळ श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांच्या हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते, हे सिद्ध झाले आहे. म्हणूनच अशा शुद्ध खाद्यतेलात दहा लाख भागांत हेक्झेनचे ५ भागांहून अधिक नसावेत, असा आपल्याकडे नियम आहे.

कारखाना व घर यांत भेद आहे तो हाच. कारखान्यात विद्रावकाला जाण्यासाठी बंद वाट असते आणि तो गेला की नाही हे मोजण्याचे साधन असते. घरी या दोन्हींपैकी एकही नसते. ज्याची वाट आपल्या ताब्यात नाही आणि ज्याचे माप आपल्याला घेता येत नाही, असा विद्रावक घरात न आणणे हेच शहाणपण होय.

प्रश्न
१. राळेच्या थराची जाडी तिप्पट केल्यास विसरणास सुमारे किती पट वेळ लागेल?
२. एका बाटलीत पाणी व दुसरीत मध अर्धवट भरून दोन्ही घट्ट बंद करा व हलवा. बुडबुडे कोणत्या बाटलीत अधिक वेळ अडकून राहतात? कारण सांगा.